नॉर्मल लॉस : पालघर-बोईसरच्या तीन पदव्या

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या प्रमाणांपर्यंत आलो होतो. धूर दिसला की अग्नीचं अनुमान, ते डोंगराचं उदाहरण, तिथे थांबलो होतो. आज त्याच धुराकडे जायचंय, पण जरा वेगळ्या वाटेने. आज आपण अभ्यासक्रमाची समीक्षा करणार आहोत. काही जण हसतायत. हसा. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, हल्ली तर वेबसिरीजचीही होते. पण ज्या गद्यावर आपल्या पोरांची तीन-तीन वर्षं जातात, त्या अभ्यासक्रमाचं गद्य कोणी वाचतच नाही. शिकवणारेसुद्धा आपापलं युनिट तेवढं वाचतात. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे वेळ होता, म्हणून आम्ही ते सलग वाचलं. वाणिज्याचं वाचलं, रसायनशास्त्राचं वाचलं. आणि तिसरं, म्हणजे गुन्हे आणि फौजदारी न्याय या विषयाचं, जे आपल्याकडे जवळजवळ नाहीच, ते जिथे आहे तिथलं मागवून वाचलं.

हेच तीन का? तर आपण पालघरात बसलोय म्हणून. १ ऑगस्ट २०१४ ला हा जिल्हा झाला, राज्यातला छत्तिसावा. एका बाजूला बोईसर-तारापूरची एमआयडीसी. रंग, औषधं, कीटकनाशकं, पोलाद, कापड, काय नाही तिथे. त्यांच्याच शेजारी १९६९ पासून चालू असलेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. दुसऱ्या बाजूला डहाणू, जव्हार, मोखाड्याचा आदिवासी पट्टा. मध्ये रेल्वे. १६ एप्रिल २०१३ ला चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत आली आणि अप-डाऊन करणाऱ्यांचा जिल्हा आणखी लांब झाला. अशा ठिकाणी बारावी झालेल्या मुलापुढे प्रत्यक्षात तीनच वाटा असतात. कंपनीत केमिस्ट, ऑफिसात अकाउंट्स, नाहीतर पोलीस भरती. बाकीच्या वाटा आहेत, नाही असं नाही, पण आमच्याकडे येऊन जी मुलं विचारायची ती या तिन्हींबद्दल.

आपल्या गावातलं सोनोपंत दांडेकरांच्या नावाचं महाविद्यालय आपल्याला माहीत आहे. त्या नावातच कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तीन शाखांना तीन नावं आहेत. आमचा जीव अडकतो तो पहिल्या नावात. सोनोपंत दांडेकर या माहीमचे, पुण्यात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, वारकरी, ज्ञानेश्वरीवर आयुष्य काढलेला माणूस. रासायनिक कारखान्यांच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाच्या दारावर एका तत्त्वज्ञाच्या प्राध्यापकाचं नाव असावं, याचा आम्हाला आनंद आहे. (आणि पुढे जे बोलणार आहोत ते कुठल्याही एका महाविद्यालयाबद्दल नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. अभ्यासक्रम विद्यापीठाकडून येतात. महाविद्यालय ते राबवतं.)

आता वाणिज्यापासून सुरुवात करू. परिव्यय लेखांकन, पोरं ज्याला कॉस्टिंग म्हणतात, त्यात एक प्रकरण असतं प्रोसेस कॉस्टिंगचं. आम्ही तत्त्वज्ञानाचे, आकड्यांना घाबरणारे, पण हे प्रकरण आम्ही दोनदा वाचलं. एका प्रक्रियेत १००० किलो माल घातला. बाहेर ९५० किलो आला. राहिलेले ५० किलो म्हणजे नॉर्मल लॉस. हे नुकसान होणारच होतं, धंद्यात गृहीतच आहे, म्हणून त्याचा खर्च उरलेल्या चांगल्या मालावर वाटून टाकायचा. भंगार म्हणून काही किंमत आली तर ती वजा करायची. अपेक्षेपेक्षा जास्त गेलं तर ते ॲबनॉर्मल लॉस, ते वेगळं काढून नफा-तोट्याच्या खात्यात न्यायचं. व्यवस्थित, सुरेख रचना आहे. उपरोधाने म्हणत नाही. दुहेरी नोंद ही माणसाने लावलेल्या मोठ्या नैतिक शोधांपैकी एक आहे असं आमचं मत आहे. कोणी काही घेतलं तर कुठून तरी गेलं, हे विसरू न देणारी ती पद्धत आहे.

पण मग ते ५० किलो कुठे गेले?

हा प्रश्न कॉस्टिंगच्या गणितात सहसा नसतो. क्वचित विल्हेवाटीचा खर्च म्हणून एक आकडा दिलेला असतो, तो मिळवायचा आणि पुढे जायचं. खतावणी जुळते. पण पदार्थ नाहीसा होत नाही, हे लाव्हाझिएने अठराव्या शतकात सांगून ठेवलंय. आणि ते शिकलेला मुलगा त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, अंगात पांढरा कोट घालून ब्युरेटचं वाचन घेत असतो.

त्याच्याकडे जाऊ. बीएस्सीच्या रसायनशास्त्राबद्दल आम्हाला आदर आहे, आणि तो प्रयोगशाळेमुळे आहे. टायट्रेशनमध्ये तीन वाचनं जुळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसऱ्या कुठल्या शाखेत विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांवर इतका अविश्वास ठेवायला शिकवतात? आम्ही तत्त्वज्ञानात देकार्तचा संशय शिकवतो, तो कागदावरचा. हे मूल फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग खरोखर आला की आपल्याला वाटला, हे रोज ठरवतं. हे शिक्षण आहे.

आता बहुतेक विद्यापीठांनी रसायनशास्त्रात हरित रसायनाचं एक युनिट घातलंय. त्यात ई-फॅक्टर येतो. रॉजर शेल्डन या शास्त्रज्ञाने १९९२ साली मांडलेली साधी कल्पना : एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा तयार झाला? खनिज तेल शुद्ध करताना हा आकडा फार लहान असतो, दहाव्या हिश्शाइतका. बारीक रसायनांमध्ये, म्हणजे आपल्या तारापूरसारख्या ठिकाणी जी होतात त्यांत, तो ५ ते ५०. औषधांमध्ये २५ ते १००, कधी त्याहूनही जास्त. एक किलो औषधामागे २५ ते १०० किलो कचरा. आणि यात पाणी धरलेलंच नाही.

आता दोन वह्या शेजारी ठेवा. वाणिज्याच्या वहीत हजारामागे पन्नास गेले, नॉर्मल लॉस ५ टक्के. रसायनाच्या वहीत एकामागे पंचवीस गेले. दोन्ही मुलांना पैकीच्या पैकी गुण. दोघंही खोटं लिहीत नाहीयेत. कॉस्टिंगवाला मूळ मालातली घट मोजतो, केमिस्ट द्रावक, क्षार, आम्लं, धुण्याचं सगळं मोजतो. पण हे दोन आकडे एका टेबलावर कधी येत नाहीत, आणि पदवी मिळते तेव्हा दोघांनाही ठाऊक नसतं की आपण एकाच गोष्टीबद्दल लिहीत होतो. आमची आजची तक्रार थोडक्यात ही आहे.

ते पंचवीस किलो कुठे जातात ते दांडीच्या आणि नवापूरच्या लोकांना विचारा. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून वाहिनी नवापूरच्या समुद्रात जाते. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली. मांगेला म्हणजे मासेमारी करणारे. खाडीत जाळं टाकलं की काय हाताला लागतं, हे त्यांचं प्रत्यक्ष प्रमाण होतं. लवादाने समिती नेमली, आणि २०२२ मध्ये कारखान्यांना आणि प्रक्रिया केंद्राला नुकसानभरपाई भरायला सांगितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं होतं. पहिलं येण्याची आपल्याला इतकी हौस आहे, पण हा निकाल कुठल्या महाविद्यालयाने फलकावर लावला नाही.

म्हणजे बघा, कोळ्याच्या जाळ्यात जे आलं ते कॉस्टिंगच्या वहीतलं नॉर्मल लॉस होतं.

आता तिसरी पदवी. अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस नावाची पदवी गल्लोगल्ली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्कलीचा पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर याने पोलिसांना विद्यापीठात बसवायची कल्पना लढवली, तिथून ते वाढलं. आपल्याकडे पदवीच्या पातळीवर अगदी थोड्या ठिकाणी आहे. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात गुन्हेशास्त्र आहे, मुंबईत न्यायसहायक विज्ञानाची शासकीय संस्था २००९ पासून आहे, गांधीनगरच्या संस्थेचं २०२० मध्ये राष्ट्रीय विद्यापीठ झालं. पालघरच्या पोराला हे सगळं लांब. त्याच्यासाठी या विषयाचा अभ्यासक्रम म्हणजे पहाटेचं ग्राउंड. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मिळून ५० गुण. मग १०० गुणांची लेखी. शिपाई भरतीला पात्रता बारावीची. त्यामुळे पदवीधर पोरगा तिथे येतो तेव्हा त्याची तीन वर्षं जमेस धरलीच जात नाहीत, धरतात ती पायांची ताकद. आम्ही ग्राउंडला नावं ठेवत नाही. पहाटे साडेचारला उठून धावणाऱ्या पोरांना नावं ठेवण्याची आमची योग्यता नाही, आम्ही सात वाजता उठतो. पण पुरावा म्हणजे काय, हे त्यांना कोण आणि कधी शिकवणार?

इथे गडचिंचल्याची गोष्ट टाळता येत नाही. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीची रात्र. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा, आणि जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारलं. पोलीस तिथे असताना. पुढे तपास सीआयडीकडे गेला, शंभराहून जास्त लोक अटकेत गेले, आणि देशभर ज्याला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं. आम्हाला त्यातलं एकच इथे बोलायचंय. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण अट अशी की तो आप्ताचा शब्द हवा. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. मोबाईलवर पुढे ढकललेला निरोप कोणाचा शब्द असतो? तो पहिल्यांदा पाठवणाऱ्याला काय माहीत होतं? हा प्रश्न विचारायची सवय ज्या गावात नाही तिथे अफवा प्रमाण होते, आणि ज्या शिपायात नाही तिथे तो गर्दीपुढे हतबल होतो. ही सवय दोन हजार वर्षं आपल्याकडे ग्रंथांत पडून आहे. तिचं युनिट कोणी केलं नाही.

आणि या जिल्ह्यात फौजदारी न्याय शिकवायचा तर पहिला धडा १९४५ चा असला पाहिजे असं आमचं मत आहे. वेठबिगार आणि लग्नगडी होती तेव्हा कायदा जमीनदाराच्या ओसरीवर बसलेला होता, आणि वेठ नाकारणारा वारली गुन्हेगार ठरत होता. ज्याच्या आजोबाने ते पाहिलंय तो मुलगा कायद्याकडे कुठल्या नजरेने बघतो, हे ओळखल्याशिवाय त्याला दंडसंहितेची कलमं पाठ करायला लावून काय होणार?

आता कायदाही बदललाय. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आली. राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. ही माणसं कुठून येणार? रसायनशास्त्राच्या वर्गातूनच ना? म्हणजे वरच्या मजल्यावरच्या त्या पांढऱ्या कोटाला आणखी एक दार उघडलंय, आणि त्याला ते कोणी दाखवलेलं नाही.

दुसरा बदल याच्या उलट दिशेचा. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्यात उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तो काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला, तोही न्यायालयाने नव्हे, अधिकाऱ्याने ठरवायचा. दंड भरला नाही तर मात्र कैद आहे, हे सांगायला हवं. समर्थकांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे : खटले वर्षानुवर्षं पडून राहायचे, तुरुंगात जवळपास कोणी जात नव्हतंच, त्यापेक्षा दंड तरी लवकर वसूल होईल. असेल. पण कॉस्टिंग शिकलेल्या मुलाने हे कलम वाचलं तर त्याला काय दिसेल? १५ लाख ही एक कमाल मर्यादा दिसेल. अपेक्षित, मोजता येणारी, चांगल्या मालावर वाटून टाकता येणारी रक्कम. काल जो गुन्हा होता तो आज त्याच्या वहीत नॉर्मल लॉस होतो. त्यासाठी मुलगा वाईट असायला लागत नाही. त्याला जे शिकवलं ते त्याने चोख केलं, बस्स.

आता एक आमच्याच घरातली गोष्ट. आम्ही जिथे शिकवायचो तिथे तत्त्वज्ञानाला विद्यार्थी कमी, म्हणून आमच्या गळ्यात सायन्सचा फाउंडेशन कोर्स मारलेला असायचा. त्यातला एक मुलगा, बोईसरजवळच्या गावचा, बीएस्सी होऊन एका कारखान्यात शिफ्ट केमिस्ट लागला. ठेकेदारामार्फत. एका रात्री रिॲक्टरचं तापमान चढायला लागलं, थंड करणारं ब्राइन पुरेना. त्याला कळत होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे त्याने परीक्षेत लिहिलं होतं. उष्णता तयार होण्याचा वेग असा दुपटी-दुपटीने वाढतो, आणि थंड करण्याचा वेग मात्र सरळ रेषेत. एका बिंदूनंतर दोघांची गाठ पडत नाही. त्याने सुपरवायझरला सांगितलं, ॲडिशन थांबवू. उत्तर आलं, बॅच गेली तर तुझ्या पगारातून कापू का? त्याने थांबवली. बॅच गेली. पुढच्या महिन्यात ठेकेदाराने त्याला बोलावलंच नाही.

तो आमच्याकडे आला आणि विचारलं, "सर, माझं चुकलं का?"

आम्ही त्याला कान्ट सांगितला. कर्तव्य, हेतू, परिणाम, सगळं. तो मान डोलवत राहिला, चहा प्यायला, गेला. नंतर कित्येक वर्षांनी आमच्या वाचनात आलं, की भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना अधिनियमात एक आख्खं प्रकरण घातलं गेलं होतं, धोकादायक प्रक्रियांचं. त्यात कलम ४१-एच : तातडीच्या धोक्याची रास्त भीती वाटली तर कामगाराला ती व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्याही नजरेस आणण्याचा हक्क होता. त्या मुलाला हे माहीत नव्हतं. ज्याने त्याला नीतिशास्त्र शिकवलं त्या प्राध्यापकालाही नव्हतं. कान्ट चूक नव्हता, मंडळी. पण त्या दिवशी त्याला ४१-एच हवं होतं, आणि आमच्याकडे नुसता कान्ट होता.

आणि वाणिज्याच्या वहीत काय झालं असेल? त्याने घालवलेली बॅच ॲबनॉर्मल लॉस म्हणून नफा-तोट्यात गेली असेल. ती न थांबवता स्फोट झाला असता तर तोही ॲबनॉर्मल लॉस म्हणूनच गेला असता, विमा वजा जाता. खातं दोघांत फरक करत नाही. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापुरात स्फोट झाला त्यात आठ माणसं गेली. अशा प्रसंगी फौजदारी बाजूला आधी ३०४-अ होतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. आता न्याय संहितेचं १०६, पाच वर्षांपर्यंत. पण निष्काळजीपणा सिद्ध कशाने करणार? बॅच शीट, तापमानाच्या नोंदी, ब्राइनचा पंप कधी दुरुस्त केला त्याचं बिल. रसायन समजणारा पोलीस नाही, हिशेब समजणारा केमिस्ट नाही, आणि कलम समजणारा अकाउंटंट नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात यावर उपाय आहे असं म्हणतात, आणि कागदावर खरंच आहे. आपल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून आलं. दुसऱ्या शाखेतला खुला वैकल्पिक विषय घ्यायचा, चार श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घ्यायचं. रसायनाच्या मुलीने कॉस्टिंग घ्यावं, वाणिज्याच्या मुलाने पर्यावरण कायदा घ्यावा, यासाठी दार सताड उघडं आहे. होतं काय? वेळापत्रकात जो तास बसतो आणि ज्यात गुण सुटतात तो विषय घेतला जातो. प्रशिक्षणाच्या काही वह्या आम्ही चाळल्या. कंपनीची स्थापना, उत्पादनांची यादी, गेटसमोरचा फोटो. सांडपाणी कुठे जातं, हा प्रश्न विचारलेली एक वही सापडली. एक. त्या मुलीला आम्ही भेटायला बोलावलं, ती आली नाही, तिची परीक्षा होती.

नावं बदलण्यात मात्र आपण तरबेज आहोत. एआयसीटीईने बीबीए, बीएमएस आपल्या कक्षेत घेतले, सीईटी आली, तर काही ठिकाणी बीएमएसचं बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज झालं. सीईटी गेली. आतला मजकूर तोच. समीक्षकाने याला पाठभेद म्हणावं की पळवाट, तुम्ही ठरवा.

आम्हाला विचाराल तर पालघरात क्रिमिनल जस्टिसची वेगळी पदवी काढू नये. आणखी एक मजला, आणखी एक दार बंद. त्यापेक्षा एक वर्ग असा हवा जिथे तिन्हीकडची मुलं एका घटनेवर एक सत्र काढतील. घटना एकच, तारापुरातली, कागदपत्रं खरी. लवादाचे आदेश सार्वजनिक आहेत, कोणीही वाचू शकतो. शिकवायला मांगेला समाजातली माणसं बोलवा, निवृत्त कारखाना निरीक्षक बोलवा. तत्त्वज्ञानाचा माणूस मागच्या बाकावर बसेल, आम्ही यायला तयार आहोत.

इथे थांबतो, प्रश्न घेऊ.

(प्रश्नोत्तरांतला एक भाग.)

बोईसरच्या एक ताई विचारत होत्या : मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला केमिस्ट्री घ्यायची आहे, तिचे बाबा कंपनीतच आहेत आणि ते म्हणतात काहीही घे पण प्लांटमध्ये जाऊ नको. काय करू? ताई, बाबांचं म्हणणं हे प्रत्यक्ष प्रमाण आहे, ते उडवून लावू नका. त्यांना काय दिसतं ते मुलीला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. पण केमिस्ट्री घेऊ दे. खुल्या वैकल्पिकात कॉस्टिंग मिळालं तर घ्यायला सांगा, कंटाळवाणं असलं तरी. बीएस्सीनंतर औद्योगिक सुरक्षेची पदविका करता येते, न्यायसहायक विज्ञानाकडेही जाता येतं. दोन्हीकडे प्लांट कळलेली माणसं लागतात.

त्यांनी पुढे विचारलं, आणि नाईट शिफ्ट? त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही त्यांना त्या शिफ्ट केमिस्टशी बोलायला सांगितलं. तो आता दुसऱ्या कारखान्यात आहे, आणि आज इथे तिसऱ्या रांगेत बसलाय.